भांडणमुक्त बेट

मला ही गोष्ट सांगायची नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. जठराच्या मागं स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो म्हणे. त्यात पेशींची बारकी बारकी बेटं असतात, आणि त्या पेशी एकमेकींशी बोलून रक्तातली साखर सांभाळतात. हे मुलांना गोष्ट करून सांगा, असा हुकूम आला. कुणाला आला? मला. मी शाळेत चौथीपर्यंत होतो, तेही मास्तर बरा होता म्हणून. पेशी मी बघितलेली नाही. शेजारी मात्र बघितलेत, आणि पोटभर बघितलेत. तेव्हा मी शेजाऱ्यांवरून सांगतो, पेशी कुठं लावायच्या ते तुमचं तुम्ही बघा.

नीट बसा. त्या पोराला कुणीतरी नाकातलं बोट काढायला सांगा. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत.

तर एका जंगलाच्या पोटातून एक ओढा वाहत होता.

ओढ्याचं पाणी गोड. वरच्या अंगाला मोहाची झाडं होती. त्यांची फुलं पाण्यात पडायची आणि ती गोडी ओढ्याबरोबर जंगलभर फिरायची. प्रत्येक जनावरानं ओढ्यापासून आपल्या बिळापर्यंत एक चर खणला होता. चराच्या तोंडाशी एक झडप. झडप उघडली की गोड पाणी बिळात यायचं, लावली की बंद व्हायचं. सशालाही जमेल असं काम.

पण झडप उघडायची केव्हा आणि लावायची केव्हा, हे कुणालाच कळत नव्हतं. जनावरंच ती. ते त्यांना कळायचं बेटावरच्या आवाजावरून.

ओढ्याच्या मधोमध एक बेट होतं. लहानसं. तिथं तीन बिऱ्हाडं राहायची आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

पहिलं बिऱ्हाड बेडक्यांचं. त्या पुष्कळ होत्या. काठावर मांडीला मांडी लावून बसायच्या, पाय पाण्यात सोडून. पाणी गोड झालं की एकीच्या तळव्यांना गुदगुल्या व्हायच्या आणि तिची मांडी हलायची. तिची हलली की शेजारणीची हलायची, तिच्या पलीकडचीची हलायची, आणि मग सगळ्या एका दमात ओरडायच्या, 'डरांव!' मग जरा थांबायच्या. मग परत एका दमात, 'डरांव!' हा असा एकमुखी आवाज आला की जंगलभर झडपा उघडत. एकटी बेडकी ओरडली तर मात्र कुणी जागचं हलत नसे. एकटीचा आवाज म्हणजे ढेकरही असू शकतो.

या बेडक्यांची म्होरकी होती पाणूबाई. गळा हा असा, मोठ्या भोपळ्यासारखा.

दुसरं बिऱ्हाड टिटव्यांचं, बेटाच्या मागल्या खडकांवर. त्यांच्यातली थोरली टिटाक्का. ही जन्माची भित्री. ओढ्याचं पाणी फिकं पडलं की ती किंचाळायला लागायची. ते ऐकून वरच्या ढोलीतलं अस्वल मधाचं पोळं घ्यायचं आणि ओढ्यात पिळायचं. का पिळायचं हे अस्वलाला ठाऊक नव्हतं. किंचाळण्यानं त्याचं डोकं उठायचं, आणि पिळलं की किंचाळणं थांबायचं. तेवढ्यावर त्याचा संसार चालला होता.

आणि तिसरं बिऱ्हाड म्हणजे ढालोजी. एकटं कासव. बेडक्या आणि टिटव्या यांच्या बरोबर मध्ये एक सपाट दगड होता, त्यावर बसायचा. मान लांब. डावीकडं काढली की थेट बेडक्यांच्या घोळक्यात, उजवीकडं काढली की थेट टिटव्यांच्या खडकात.

ढालोजी काय काम करायचा? काही नाही. त्याला आवाज सहन व्हायचा नाही. बेडक्यांचं जास्त झालं की मान डावीकडं काढून ओरडायचा, "पुरे!" टिटवीचं जास्त झालं की मान उजवीकडं काढून ओरडायचा, "पुरे!" जन्मभर त्यानं एवढा एकच शब्द वापरला. बाकी सगळ्या शिव्या.

बेटावरचा रोजचा दिवस असा जायचा.

टिटाक्का किंचाळायची, "फिकं पडलं! पाणी फिकं पडलं! आता सगळे मरणार!"

त्या आवाजानं बेडक्या आणखी चवताळायच्या. पाय पाण्यात घालून बघायच्या, गोडी आली की लगेच डरांव सुरू. पाणूबाई वर टिटाक्कालाही ऐकवायची, "ए किरटे, गप की! इथं पाणी गोड झालंय आणि तुझं आपलं चालूच! नवरा पळाला तो उगीच नाही!"

टिटाक्का मान फिरवून गप्प बसायची. पण बेडक्यांना थांबणं माहीत नव्हतं. मांडी हलत राहायची, डरांव चालू राहायचं, आणि मग दगडावरून मान यायची.

"पुरे! ए भोपळ्या! कान फाटले माझे!"

"तुला कान आहेत का रे ढाल्या? दाखव बघू!"

"तुझ्यामुळंच गळाले."

पाणूबाई दातओठ खायची, म्हणजे दात नव्हते, ओठच खायची. आणि गप्प व्हायची. जंगलभर झडपा लागायच्या. ओढा ना जास्त गोड, ना फिका.

एक सांगतो, ते ध्यानात ठेवा. पाणूबाईची आई होती. एका वर्षी ढालोजी चिखलात उलटा पडला होता आणि त्याला कुणी सरळ केलं नाही, कारण सगळे त्याच्यावर रागावलेले होते. त्या दिवसांत तिला 'पुरे' म्हणायला कुणी नव्हतं. ती ओरडत राहिली. आवाज आधी घोगरा झाला, मग फाटका झाला, मग त्यातून शिट्टीसारखं काहीतरी यायला लागलं, आणि मग गळा फुटला. बेडकीला थांबता येत नाही, पोरांनो. तिला थांबवावं लागतं. पाणूबाईला हे ठाऊक होतं. म्हणून ती ढालोजीला वाटेल ते बोलायची, पण बोलून झाल्यावर थांबायची.

जंगलाचा राजा वाघ. त्याला बीळ नव्हतं, चर नव्हता, साठा नव्हता. तो ओढ्यालाच तोंड लावून प्यायचा. ओढा फिका पडला की पहिला चक्कर येऊन पडणार तो राजा. पुढचा विचार करायचं त्याला काही पडलेलं नव्हतं. राजाच तो.

असं सगळं बरं चाललं होतं. म्हणजे रोज भांडणं होत होती.

ढालोजीला तक्रार करायची सवय होती. येणाऱ्या जाणाऱ्या माशाला तो सांगायचा, "या बेडक्यांना कुठंतरी हलवा. त्या टिटवीला हाकला. मला म्हातारपणी जरा शांतता मिळू दे." मासा हो म्हणायचा आणि पुढं जायचा. साळिंदर ऐकून घ्यायचं आणि विसरायचं. वठलेला साग तर उत्तमच होता, हूं की चूं करत नसे. तक्रार करून ढालोजीला भूक चांगली लागायची.

आणि मग एक दिवस तक्रार ऐकून घेणारा आला.

त्याचं नाव धवलराव. बगळा. पांढरा स्वच्छ. एका पायावर उभा राहून डोळे मिटायचा, म्हणून जंगलात तो विचारवंत. डोळे मिटून तो मासा कुठल्या दगडाखाली असेल याचा विचार करायचा, पण विचार तो विचारच. बेडूक खाणं त्यानं सोडलं होतं. निदान सभेत तरी.

वाघानं जंगलात दवंडी पिटली होती, की ज्या वस्तीतली भांडणं कायमची मिटतील ती वस्ती भांडणमुक्त म्हणून जाहीर होईल आणि मिटवणाऱ्याच्या गळ्यात राजा स्वतः हार घालेल. धवलरावाची मान लांब होती. हार शोभला असता.

तो बेटावर आला. एक पाय वर घेतला. "ढालोजीबाबा," तो म्हणाला, "आपल्याला इथं काही त्रास?"

असा प्रश्न ढालोजीला जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यानं सगळं सांगितलं. बेडक्यांचं सांगितलं, टिटवीचं सांगितलं, पाणूबाईच्या गळ्याचं सांगितलं, तिच्या आत्याचं सांगितलं. सूर्य डोक्यावर आला तरी सांगत होता. धवलराव मान हलवत होता.

"आपलं दुःख मला समजलं," धवलराव म्हणाला.

"हो ना!" ढालोजी म्हणाला आणि खूश होऊन पाण्यात उतरला. त्याला वाटलं, संपलं. नेहमीसारखं बोलून झालं, आता चार घास शेवाळ खाऊ.

पण दुसऱ्या दिवसापासून धवलराव कामाला लागला.

"मुळात," त्यानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपण फार जवळ जवळ राहता. अंगाला अंग लागतं, म्हणून भांडणं होतात. प्रत्येकाला स्वतःची जागा हवी."

बेडक्यांना त्यानं एकेक कमळाचं पान दिलं. दोन पानांत हातभर अंतर. "मांडीला मांडी लावायची नाही. ते असभ्य दिसतं." बेडक्यांना आधी बरंच वाटलं. स्वतःचं पान कुणाला नको असतं?

टिटव्यांना ओढ्यापलीकडची वाळू दिली. ऐसपैस. शेजार नाही, टोमणे नाहीत.

ढालोजीला सन्मानानं निवृत्त केलं. बेटाच्या खालच्या टोकाला केवड्याचं बन होतं, तिथं मऊ चिखलात बसवलं. खायला पडलेली फळं. "आपण पुष्कळ सोसलंत बाबा. आता आराम करा."

"आणि यापुढं," धवलराव म्हणाला, "कुणी कुणाला थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर मला सांगा. मी योग्य शब्दांत पोचवीन."

बेट गप्प झालं. पहिल्या दिवशी ढालोजी मान आत घेऊन असा झोपला, की दोन कावळे त्याच्यावर बसून भांडले तरी जागा झाला नाही.

मग मोहाचा बहर आला. फुलांचा खच पडला पाण्यात. ओढा गोड झाला.

बेडक्यांच्या तळव्यांना गुदगुल्या झाल्या. एकीची मांडी हलली. शेजारी मांडी नव्हती, पाणी होतं. ती एकटीच ओरडली. जरा वेळानं दुसरी ओरडली. मग तिसरी, चौथी, कुणाचा कुणाला मेळ नाही. पाऊस थांबल्यावर पागोळ्या पडतात तसं टपक टपक डरांव चाललं. जंगलात जनावरं झडपेला हात लावून उभी राहिली. "उघडायची का रे?" "ढेकर असेल." "अर्धी उघड." "आता लाव." कुणाच्याच बिळात धड पाणी गेलं नाही. गोडी ओढ्यातच साचत राहिली.

पलीकडं वाळूवर टिटाक्का. भ्यायला तिला कारण लागत नसे, गप्प बसायला लागायचं. ते कारण म्हणजे पाणूबाईचा टोमणा. तो आता ऐकू येत नव्हता. एकटी पडल्यामुळं ती आणखी भ्याली आणि गोड ओढ्याकडं बघून किंचाळत सुटली, "फिकं पडलं!" अस्वलाचं डोकं उठलं. त्यानं मध पिळला. आवाज थांबेना. आणखी पिळला.

ओढ्याचा काकवीसारखा रस झाला.

जनावरांना तहान लागायला लागली. जितकं प्यावं तितकी तहान. आणि प्यायलेलं कुठं जाणार? झुडपामागं जनावरांची रांग लागली. हरीण आत असलं की रानडुक्कर बाहेरून हाका मारायचं. हसताय काय? तुमच्यावर वेळ आली की कळेल. हत्तीच्या पायात काटा घुसला आणि त्याला कळलंच नाही, पाय बधिर झाले होते. घुबडाला दिवसा दिसत नव्हतंच, आता संध्याकाळीही दिसेना.

धवलराव राजाकडं गेला. "महाराज, बेटावर एकही भांडण नाही."

"जंगलात सगळे मरगळल्यासारखे का दिसतात?" वाघानं विचारलं. तो मधूनच उठून झुडपामागं जाऊन आला होता.

"ती प्रसन्नता आहे महाराज. लोकांना सवय नाही."

इकडं बेडक्या जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या. झडपा उघडत नाहीत म्हटल्यावर त्या जास्तच ओरडायला लागल्या. सगळ्यांत जास्त पाणूबाई. आपला गळा मोठा आहे, तेव्हा आपणच जोर लावला पाहिजे, असं तिला वाटायचं. ती थांबेना. सकाळ नाही, दुपार नाही.

केवड्याच्या बनात ढालोजी जागा झाला. आवाज लांबून येत होता, पण त्याच्या ओळखीचा होता. "पुरे!" तो म्हणाला. केवड्याला काय कळणार? त्यानं मान काढली, सगळी काढली. कुठंच पोचली नाही.

त्यानं धवलरावाला गाठलं. "त्या पाणूला सांगा. म्हणावं गप्प बस, नरडं फाटेल तुझं. ढालोजीनं सांगितलंय म्हणावं."

"नरडं नको," धवलराव म्हणाला. "कंठ म्हणू."

"काय म्हणायचं ते म्हणा! पण आत्ता म्हणा!"

"आत्ता माझी चिंतनाची वेळ आहे," असं म्हणून धवलरावानं एक पाय वर घेतला. समोरच्या दगडाखाली काहीतरी हललं होतं.

चिंतन पोटात गेल्यावर तो पाणूबाईच्या पानापाशी गेला. निरोप जसाच्या तसा देण्याइतका तो अडाणी नव्हता. त्यानं घसा साफ केला. "पाणूबाई, आपल्या कंठाविषयी ढालोजीबाबांना फार काळजी आणि नितांत आदर आहे."

पाणूबाईचे डोळे होते त्याहून बाहेर आले. "कोण? ढाल्या म्हणाला?"

"त्यांचाच निरोप."

"आदर म्हणाला?"

"नितांत."

पाणूबाईनं ढालोजीच्या रिकाम्या दगडाकडं बघितलं. तिच्या आईपासून आजपर्यंत त्या दगडावरून बरा शब्द आला नव्हता. मग तिनं गळा फुगवला, आधी कधी फुगवला नव्हता एवढा, आणि केवड्याच्या बनाकडं तोंड करून ओरडायला सुरुवात केली. तिला वाटलं, म्हातारा ऐकतोय. त्याला आवडतंय. ओरडली, ओरडली, ओरडतच राहिली.

म्होरकीचा जोर बघून बाकीच्याही पेटल्या. एवढा गोंगाट झाला, की मेळ असो नसो, जंगलानं शेवटी झडपा उघडल्या. पण थांबा म्हणणारं कुणी नाही. झडपा उघड्याच राहिल्या. गोडी भराभरा बिळांत ओढली जायला लागली. ओढा फिका पडला. फिक्याचा पांढराफटक पडला.

आता टिटाक्कानं किंचाळायला हवं होतं. हीच तर तिची वेळ. पण मोहाच्या बहरात बेडक्यांनी तिच्यासाठी एक निरोप दिलेला होता, 'तिला सांगा, थोबाड बंद कर.' चिंतनांमधून वाट काढत तो निरोप नेमका आज पोचला. "बेडकीमंडळाची आपणांस नम्र विनंती आहे," धवलराव म्हणाला, "की आपण कृपया शांत राहावं."

"विनंती?" टिटाक्का म्हणाली. "मला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात तिला कुणी विनंती केली नव्हती, दगड मारले होते. तिनं चोच मिटली आणि ठरवलं, आता मेलं तरी ओरडायचं नाही.

त्याच दिवशी हाराचा कार्यक्रम होता.

बेटावर सगळं जंगल जमलं. राजाला बसायला सपाट जागा हवी, म्हणून ढालोजीचाच दगड झाडून पुसून घेतला होता. वाघ येऊन बसला. शेजारी धवलराव मान ताणून उभा. वाघानं ओढ्याला तोंड लावून दोन घोट घेतले आणि हार उचलला. पंजे थरथरायला लागले. कपाळावर घाम आला. "दोन दोन बगळे का उभे केलेत?" असं म्हणाला आणि हारासकट दगडावर आडवा झाला. ससे बसल्या जागी कलंडले. हत्ती झाडाला टेकला, तर झाडच पडलं.

केवड्याच्या बनात ढालोजीनं हे काही बघितलं नाही. त्याचे कान, म्हणजे जे काय होतं ते, एकाच आवाजाकडं लागले होते. पाणूबाईचा आवाज घोगरा झाला होता. मग फाटका झाला. आणि मग त्यातून बारीक शिट्टी यायला लागली.

ही शिट्टी त्यानं एकदा ऐकली होती. चिखलात उलटा पडून.

ढालोजी निघाला. कासव पळतं असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते खोटं आहे. तो धापा टाकत, घसरत, काठाकाठानं आला. वाटेत धवलराव भेटला, बेशुद्ध राजाच्या पंजातून हार हळूच सोडवत होता.

"माझा निरोप दिलास का रे?"

"दिला की. आपला आदर पोचवला."

"काय पोचवलास?"

"आदर. नितांत."

"अरे मुडद्या!" ढालोजी ओरडला. "आदर? तिला मारायला निघालास काय?"

आणि त्यानं पाण्यात उडी टाकली. म्हणजे पडला. पाणूबाईच्या पानापाशी पोचला तेव्हा ती डोळे मिटून, गळा ताणून शिट्टी वाजवत होती. गळ्याची कातडी काचेसारखी पातळ झाली होती. आतलं दिसत होतं.

"पुरे!" ढालोजी ओरडला.

तिला ऐकूच गेलं नाही.

त्यानं मान काढली, होती नव्हती तेवढी काढली, आणि तिच्या मांडीवर डोक्यानं अशी धडक दिली की पानच उलटं झालं.

"पुरे म्हणतोय ना! भवाने! फुटके ढोल! गप्प मर की जरा!"

पाणूबाई पाण्यातून वर आली. ओरडणं थांबलं होतं. तिनं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं, आणि जो काही आवाज उरला होता त्यात म्हणाली, "अरे मेल्या! परवा आदर आणि आज ही भाषा?"

"आदर गेला खड्ड्यात! तुझ्या गळ्याची मला शिसारी आहे! बंद ठेव तो!"

"म्हणजे तू आदर म्हणाला नव्हतास?"

"मी? तुला? वेड लागलंय का?"

"तरीच," पाणूबाई म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

म्होरकीला धडक मारलेली बघून बाकीच्या बेडक्या पानं सोडून धावल्या. ढालोजीभोवती कोंडाळं केलं. मांडीला मांडी लागली. त्यांनी त्याला एका दमात जी शिवी दिली, ती मी तुम्हाला सांगणार नाही. मग सगळ्या एकदम थांबल्या, कारण सगळ्यांच्या तळव्यांना एकदम कळलं.

"अगं बाई," पाणूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाणी फिकं लागतंय. ती किरटी कुठाय?"

"वाळूवर. चोच मिटून बसलीय. मोठी शहाणी झालीय."

"टिटाक्के!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. "मेलीस काय गं? का नवरा परत आला?"

टिटाक्कानं ते ऐकलं. तिनं पुष्कळ आवरलं. पण नवऱ्याचं नाव निघाल्यावर कुठली विनंती आणि कुठलं काय! ती उडाली ती ओढा ओलांडून थेट जुन्या खडकावर उतरली आणि अशी किंचाळली, की वरच्या ढोलीत अस्वल झोपेतून पडलं. पडलं ते पोळ्यावरच. मध ओढ्यात आला. कुणीतरी चार थेंब वाघाच्या जिभेवर सोडले.

वाघानं डोळे उघडले. भोवती बेडक्या कासवाला शिव्या देत होत्या, कासव टिटवीला देत होतं, टिटवी सगळ्यांना देत होती. ओढा वाहत होता. झडपा उघडत होत्या आणि लागत होत्या.

"हा कसला आवाज?" वाघानं विचारलं.

"जयजयकार, महाराज," धवलराव म्हणाला. हार त्याच्या गळ्यात होता. "आपल्याला बरं वाटावं म्हणून."

"छान," वाघ म्हणाला. "बेट भांडणमुक्त जाहीर करतो. पण मघाशी कुणीतरी मुडद्या म्हणालं. मी बेशुद्ध होतो, तरी ऐकलं."

धवलरावानं पंखानं ढालोजीकडं दाखवलं.

वाघानं विचार केला. त्याला शिक्षा मोठी करायची होती. "या कासवाचं निवृत्तीचं सुख काढून घ्या. याला मरेपर्यंत त्या दगडावर बसवा, या गोंगाटात."

ढालोजीनं मान आत घेतली. आत तो काय करत होता, ते कुणाला दिसलं नाही.

धवलराव शेजारच्या जंगलात गेला. तिथं त्याला बोलावणं आलं होतं. तिथल्या बेटाचं काय झालं ते विचारू नका.

पाणूबाईचा गळा वाचला, पण अर्धा आवाज गेला तो गेलाच. पुढं बेडक्या डरांव करायच्या त्यात एक आवाज फाटका यायचा. एका दुपारी जरा उसंत होती, तेव्हा ढालोजीनं डावीकडं मान काढली.

"आवाज गेला तुझा."

"तुला बरंच झालं की."

"हो. बरंच झालं," ढालोजी म्हणाला. आणि दगडाच्या ज्या कडेला बेडक्या बसायच्या, त्या कडेला थोडा सरकून बसला. तिथं ऊन जास्त लागायचं.

तात्पर्य: शेजाऱ्याशी रोज भांडावं. अंगाला अंग लागेल इतकं जवळ राहून भांडावं. कुणी आपल्याविषयी आदराचा निरोप पाठवला तर आधी स्वतःची नाडी बघून घ्यावी. आणि तक्रार करायचीच असेल, तर जो ती मनावर घेणार नाही अशाच माणसाकडं करावी.

मी स्वतः हे सगळं पाळतो. पण समोरच्यानंही पाळायला नको का? जिन्यात पाण्याच्या नळावरून आमचं चांगलं रंगात आलेलं भांडण, आणि "तुमचंच खरं आहे दादा" असं म्हणून शेजारची बाई दार लावून निघून गेली. मला तिथंच घाम फुटला. तिनं अजून माझी माफी मागितलेली नाही. नाव लिहून ठेवा: हिराबाई धायगुडे.